कामगाराची लेखी संमती कायद्यापुढे का टिकत नाही?

सल्ल्यासाठी आमच्याकडे येणारे कारखानदार एक प्रश्न हमखास विचारतात: जादा तास थांबायला कामगार स्वतः तयार आहे, तसे त्याने लिहूनही दिले आहे, मग कायद्याची हरकत कशाला? कामगार कायद्यांचा हेतू या एका प्रश्नातून बराचसा उलगडतो.

व्यापारी करारातील दोन्ही पक्ष साधारणपणे बरोबरीचे मानले जातात. कारखान्यात मात्र एक कामगार गेला तर मालक दुसरा शोधू शकतो आणि कामगाराला मजुरीवाचून महिना काढणे अवघड जाते, त्यामुळे त्याच्या होकारात इच्छा किती आणि गरज किती हे ठरवता येत नाही. म्हणूनच किमान वेतन, कामाचे तास आणि सुरक्षितता यांविषयीच्या किमान तरतुदी करार करून सोडून देता येत नाहीत. त्यांहून अधिक देण्यास अर्थातच मोकळीक असते. ‘श्रम ही क्रयवस्तू नव्हे’ हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४४ च्या फिलाडेल्फिया जाहीरनाम्यातील तत्त्व याच विचाराचे आहे. त्याआधी १९१९ मध्ये संघटनेने पहिलाच करार केला तो उद्योगांतील कामाच्या तासांविषयी, दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालणारा.

अपघाताच्या भरपाईत हा विचार आणखी पुढे जातो. पूर्वी जखमी कामगाराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि धोका त्याला ठाऊक होता किंवा चूक सहकाऱ्याची होती एवढे दाखवून मालक सुटू शकत असे. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा करून त्याची वर्गणी मालकांवर टाकली आणि चूक कोणाची हा वादच बाजूला ठेवला. यंत्राची झीज जशी उत्पादनखर्चात धरली जाते, तशीच यंत्रावरील माणसाची इजाही धरली जावी, हे त्यामागचे तत्त्व आम्हाला सर्वांत न्याय्य वाटते.

तपासणीविना यातले काहीच टिकत नाही. ब्रिटनमधील १८०२ चा गिरण्यांविषयीचा कायदा बहुतांशी कागदावरच राहिला. १८३३ च्या कायद्याने चार पगारी निरीक्षक नेमल्यावरच अंमलबजावणीला सुरुवात झाली.

संमतिपत्राविषयी शेवटचे एवढेच, की कायद्याची मर्यादा ओलांडण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. उलट जादा काम झाले आणि ते मालकाला माहीत होते, याचा पुरावा म्हणून तेच पत्र कामगाराच्या बाजूने वाचले जाऊ शकते.