चिरेखाण की लोखंडाची खाण?

सिंधुदुर्गातल्या रेडीपासून गोव्यातल्या डिचोलीपर्यंतच्या पट्ट्यात तांबडे खड्डे जागोजागी दिसतात. बाहेरून आलेला माणूस सगळ्यांनाच ‘मायनिंग’ म्हणून मोकळा होतो. पण त्यातल्या कित्येक नुसत्या चिरेखाणी असतात, घरासाठी जांभा दगडाचे चिरे, म्हणजे ठोकळे, काढून सोडून दिलेल्या. दोन्हींची माती लाल, दोन्हींत लोखंड, तरी हे दगड एका घरातले नव्हेत.

बंद पडलेल्या चिरेखाणीच्या भिंतीजवळ जाऊन पाहा. भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ असते आणि यंत्राने काढलेल्या चिऱ्यांच्या जागी गोल पात्याच्या कमानी स्पष्ट उमटलेल्या असतात. दगडात वेड्यावाकड्या पोकळ्या, त्यांत पिवळट माती. ताजा जांभा मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो. म्हणून तो कापून चिरे करता येतात. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने केरळातल्या अंगाडिपुरमजवळ असाच दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट.

लोखंडाच्या खाणीचा खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतो, बऱ्याचदा भूजलाच्या पातळीखाली. उपसा थांबला की तो पाण्याने भरतो, आणि शेजारी टाकाऊ मातीचा डोंगर, म्हणजे डंप, उभा राहतो. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण दोन ते तीन टन माती बाजूला काढावी लागे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथले ८८ खाणपट्टे रद्द केले. खाणी थांबल्या, डंप मात्र जागेवरच राहिले.

आता मुळाकडे. लोहखनिजाचा पूर्वज म्हणजे पट्टेदार खडक: लोखंडाचा एक थर, गारगोटीचा एक थर. अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास, समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड प्राणवायूशी संयोग पावून तळाशी बसत गेलं, त्याचे हे थर. पुढे पावसाच्या पाण्याने त्यातली सिलिका, म्हणजे गारगोटीचं द्रव्य, धुऊन नेली आणि हेमॅटाइट हे लोखंडाचं खनिज घट्ट होत गेलं. जांभाही असाच झाला! तोच पाऊस, तेच धुणं. या पट्ट्याच्या उत्तरेला, रत्नागिरीकडे आणि सह्याद्रीवर खाली सहा-साडेसहा कोटी वर्षांचा काळा कातळ होता, त्यातून सिलिका गेली आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिलं. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच: धुणारा एक, फरक फक्त धुतला काय याचा. आणि दक्षिणेकडे तर लोहखनिजाच्या डोक्यावरच जांभ्याची टोपी असते, म्हणून घोटाळा आणखी वाढतो.

ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका. सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन हातांत घ्या. चांगलं हेमॅटाइट पाण्याच्या सुमारे पाचपट जड, जांभा त्याच्या निम्म्याच्या आसपास, मनगटालाच कळतं. मग टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासा. हेमॅटाइटची रेघ सुकलेल्या रक्तासारखी तांबडी येते, मग वरून दगड काळा-करडा का दिसेना. शुद्ध हेमॅटाइटमध्ये सुमारे ७० टक्के लोखंड असतं.

पण जांभ्यातून कधी लोखंड काढलंच नाही, असंही नाही. महाबळेश्वरच्या जांभ्यातले लोहयुक्त गोटे वेचून धावड समाजाचे लोक कोळशाच्या छोट्या भट्ट्यांत लोखंड गाळत. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून स्वस्त लोखंड येऊ लागलं, कोळशासाठी जंगल तोडण्यावर निर्बंध आले, आणि भट्ट्या विझल्या. आजच्या हिशेबात तो दगड खनिज ठरणार नाही. त्यांच्या काळात ठरत होता.

म्हणून अशा डोंगरावर काळा, काचेसारखा चकाकणारा, आत बुडबुड्यांची भोकं असलेला तुकडा सापडला तर त्याला जांभा समजून फेकू नका. ते लोहकीट असू शकतं, भट्टीतून निघालेला मळ. तो कुठे पडला होता ती जागा नीट लक्षात ठेवा.