सोनेरी करंट : रानमेव्यापासून बंदीपर्यंत

केकमध्ये घालतात तो करंट म्हणजे कॉरिंथ या ग्रीक शहरावरून नाव पडलेला बारीक काळा बेदाणा. त्याचा आणि सोनेरी करंटचा संबंध नावापुरताच आहे. सोनेरी करंट हे पश्चिम उत्तर अमेरिकेत ओढ्यानद्यांच्या काठी वाढणारे बिनकाट्यांचे रानझुडूप असून, त्याची पिवळी नळीदार फुले वसंतात लवंगेसारखी घमघमतात आणि फळ पिकले तरी त्याच्या टोकाला सुकलेल्या फुलाची शेंडी चिकटूनच राहते.

तिथल्या आदिवासी जमाती ही फळे ताजी खात, तशीच वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत. लिखित इतिहासात ती आली अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेमुळे. जुलै १८०५ मध्ये, आजच्या मोंटाना राज्यातून जाताना, मेरिवेदर लुइसने आपल्या बागांतल्या करंटपेक्षा हा पिवळा करंट कितीतरी सरस असल्याचे रोजनिशीत लिहून ठेवले. बागेतल्या वाणापेक्षा रानातले फळ उजवे ठरवणारा हा निवाडा सरळ जिभेने दिलेला आहे, हे विशेष. मोहिमेतून आलेले हे झुडूप फिलाडेल्फियाच्या बर्नार्ड मॅकमहन या रोपवाटिकाकाराने वाढवले आणि १८१२ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनकडे पाठवले; पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पर्शने त्याला 'रिबेस ऑरियम' हे शास्त्रीय नाव दिले. त्यातले 'ऑरियम' म्हणजे सोनेरी. ते फुलांना शोभते. फळे पिवळी, लाल, काळी अशी कोणत्याही रंगाची निघतात.

या झुडपाच्या वाट्याला आलेली बंदी मात्र पाइन वृक्षांमुळे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आणलेल्या रोपांबरोबर पांढऱ्या पाइनवरचा तांबेरा अमेरिकेत शिरला. ही बुरशी एका पाइनवरून थेट दुसऱ्या पाइनवर जाऊ शकत नाही; तिला मध्ये बहुतेक वेळा रिबेस या करंटच्याच प्रजातीतले एखादे झुडूप लागते. पांढरा पाइन म्हणजे इमारती लाकूड; त्यापुढे फळाची किंमत ती काय! सर्वांत मोठा दोष युरोपीय काळ्या करंटचा असला, तरी झळ साऱ्या प्रजातीला बसली. लागवडीवर निर्बंध आले आणि १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतले तरुण डोंगरउतारांवर ही झुडपे मुळासकट उपटत फिरले. मात्र जमिनीत राहिलेल्या मुळांतून ती पुन्हा फुटत. केंद्रीय बंदी १९६६ मध्ये उठली, तरी काही राज्यांनी आपापले निर्बंध पुढेही कायम ठेवले.