अध्यक्ष महाराजांची खुर्ची

3 जुलै 2022 रोजी राहुल नार्वेकर महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा विधान परिषदेच्या सभापतिपदी त्यांचे सासरे रामराजे नाईक निंबाळकर होते. नरिमन पॉइंटच्या एकाच विधान भवनात एका सभागृहात सासरे, दुसऱ्यात जावई. पत्रकारांना हा योग फार आवडला, पण तो जेमतेम चार दिवस टिकला. 7 जुलैला रामराजेंच्या आमदारकीची मुदत संपली आणि तिच्याबरोबर सभापतिपदही गेलं. ते परिषदेवर पुन्हा निवडून आले होते, तरी पद आपोआप परत आलं नाही. सभापती सदस्य म्हणून निवृत्त झाला की खुर्ची सुटते. विधानसभेचं याच्या उलट. विधानसभा विसर्जित झाली तरी नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीपर्यंत जुना अध्यक्ष पदावर असतो.

परिषदेची ती खुर्ची पुढे जवळजवळ अडीच वर्षं रिकामी राहिली. उपसभापती नीलम गोऱ्हे कामकाज चालवत होत्या. त्याआधी फेब्रुवारी 2021 मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिल्यावर विधानसभेची खुर्चीही सतरा महिने तशीच होती आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ गाडा ओढत होते. राज्याच्या विधिमंडळात अध्यक्ष आणि सभापती नेमकं करतात काय, हा प्रश्न सामान्य माणसाला पडला तो बहुधा याच काळात. त्याचं उत्तर देण्यापूर्वी मुंबईत ही खुर्ची आली कुठून, ते पाहायला हवं.

ती आली टाउन हॉलमध्ये. 1861 च्या कायद्यानुसार बनलेल्या मुंबई विधिमंडळाची पहिली बैठक 22 जानेवारी 1862 रोजी तिथे भरली. सदस्यांत नाना शंकरशेट होते. अध्यक्षस्थानी होते खुद्द गव्हर्नर, सर जॉर्ज क्लार्क. म्हणजे ज्याचं सरकार, त्याचंच विधेयक आणि सभाही त्याच्याच अध्यक्षतेखाली. सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा नव्हती. ती 1892 च्या सुधारणेनंतर मिळाली. अर्थसंकल्पावर बोलता येऊ लागलं, मत मात्र देता येत नव्हतं.

या रचनेत काय अडचण होती, हे 1901 साली उघड झालं. जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन कुळाला परत देताना विकण्या-गहाण ठेवण्याचा हक्क काढून घ्यायचा, असा त्याचा रोख होता. फिरोजशहा मेहतांनी विधेयक पुढे ढकलण्याची मागणी केली. ती फेटाळली गेली, तेव्हा मेहता सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागून गोपाळ कृष्ण गोखले आणि आणखी काही सदस्यही उठले. अध्यक्षस्थानी होते गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट, म्हणजे ज्यांच्या सरकारचा निषेध करायचा तेच. आज सभात्याग ही रोजची गोष्ट झाली आहे. त्या दिवशी मात्र उठून जाणं म्हणजे थेट राज्यकर्त्याकडे पाठ फिरवणं होतं. पीठासीन अधिकारी तटस्थ असावा, हा आग्रह मला वाटतं पुस्तकांतून आला नाही. तो असल्या अनुभवांतून आला.

एक योगायोग इथेच सांगून टाकतो. लोकमान्य टिळक 1895 ते 1897 या मंडळाचे सदस्य होते, गव्हर्नरच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाचे. त्यांचे नातू जयंतराव टिळक 1982 ते 1998 अशी सोळा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. आजोबा ज्या खुर्चीसमोर बसले, तिच्या वारसदार खुर्चीत नातू बसला.

गव्हर्नर खुर्चीतून उठले ते 1919 च्या कायद्याने. पण त्यातही एक मेख होती. पहिली चार वर्षं अध्यक्ष गव्हर्नरनेच नेमायचा आणि नंतर सभागृहाने निवडायचा, तोही गव्हर्नरच्या मान्यतेने. उपाध्यक्ष मात्र पहिल्यापासून निवडलेला. 1921 मध्ये मुंबई मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले सर नारायण गणेश चंदावरकर. काँग्रेसच्या 1900 च्या लाहोर अधिवेशनाचे अध्यक्ष, नंतर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. नेमणूक सरकारी होती, पण माणूस असा की त्याला सरकारी म्हणणं अवघड जावं. 1923 मध्ये पदावर असतानाच ते गेले आणि इब्राहिम रहिमतुल्ला आले.

याच मुंबईचा एक माणूस 1925 साली मध्यवर्ती विधिमंडळाचा पहिला निवडून आलेला अध्यक्ष झाला. गिरगाव चौपाटीवर ज्यांचा पुतळा आहे ते विठ्ठलभाई पटेल. निवडून येताच त्यांनी स्वराज्य पक्षाशी संबंध तोडले. नंतर सचिवालय सरकारच्या हाताखाली नको, सभागृहाचं स्वतःचं हवं, यासाठी ते सरकारशी भांडले आणि 1929 मध्ये त्यांनी ते मिळवलं. आज राज्यघटनेच्या कलम 187 मध्ये विधिमंडळाला स्वतंत्र कर्मचारीवर्ग दिलेला आहे, त्याचं मूळ त्या भांडणात आहे. अध्यक्षांच्या हाताखालची माणसं मुख्य सचिवांना उत्तर देत असती, तर अध्यक्षांच्या निर्णयाला किती वजन राहिलं असतं, याची कल्पना मंत्रालयात एखादी फाइल पुढे सरकवायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही करता येईल.

जागाही बदलत गेली. 1928 मध्ये सरकारने रिगल सिनेमासमोरचं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम घेतलं. खलाशांची ही धर्मशाळा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेली. बोरीबंदर स्टेशनचा आराखडाही त्याचाच. तिचा झाला कौन्सिल हॉल. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेले लोक याच कौन्सिल हॉलकडे निघाले होते. त्यांना फ्लोरा फाउंटनला अडवून गोळीबार झाला. आज तिथे राज्य पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. नवं विधान भवन 19 एप्रिल 1981 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते सुरू झालं.

1935 च्या कायद्याने प्रांतात दोन सभागृहं आली आणि 1937 मध्ये दोन पीठासीन अधिकारी. विधानसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, परिषदेचे मंगलदास पक्वासा. मावळंकरांचं घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, वकिली अहमदाबादेत. पुढे ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा दिल्लीला बरीचशी मुंबईत मुरलेली शिस्त मिळाली. त्यांच्यानंतर मुंबई विधानसभेत कुंदनमल फिरोदिया आले. पुढे 1962 ते 1972 अशी दहा वर्षं बाळासाहेब भारदे. दोघेही नगर जिल्ह्याचे. भारदे संतसाहित्यात आणि कीर्तनात मुरलेले होते. सभागृहाला हसवत ताब्यात ठेवणं ही वेगळीच कला आहे आणि नियमांच्या पुस्तकात ती सापडत नाही.

परिषदेत वि. स. पागे 1960 ते 1978, अठरा वर्षं सभापती होते. लोकांना ते आठवतात रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून. खरं तर सभापतीने योजना आखायच्या नसतात, पण पागेंच्या बाबतीत कुणी हरकतीचा मुद्दा काढला नाही. आणि 1972 मध्ये अध्यक्ष झालेल्या शेषराव वानखेडेंचं नाव तर मुंबईच्या स्टेडियमलाच आहे. आमदारांच्या सामन्यासाठी ब्रेबॉर्न मिळेना म्हणून त्यांनी दुसरं मैदान उभं करायचं ठरवलं, असं सांगतात. जानेवारी 1975 मध्ये तिथे कसोटी झाली. अध्यक्षांच्या अधिकारांत स्टेडियम बसत नाही, एवढं नक्की.

मग अधिकारांत बसतं काय? सभागृहात प्रत्येक भाषण ‘अध्यक्ष महाराज’ म्हणून सुरू होतं, कारण सदस्य एकमेकांशी बोलतच नाहीत. जे बोलायचं ते खुर्चीला उद्देशून. कुणाला बोलू द्यायचं, तारांकित (म्हणजे तोंडी उत्तराच्या) प्रश्नाला किती उपप्रश्न घ्यायचे, मंत्र्याचं लक्ष वेधणारी कोणती लक्षवेधी सूचना आज लावायची, ठरलेलं कामकाज थांबवून चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव स्वीकारायचा की दालनात नाकारायचा, औचित्याचा मुद्दा खरंच औचित्याचा आहे का, कोणता शब्द कामकाजातून काढायचा, हे सगळं खुर्चीवरून ठरतं. गोंधळ झाला, कुणी राजदंडाला हात घातला की तहकुबी, नाहीतर मार्शल. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही नसतील तर तालिकेवरचे, म्हणजे त्यासाठी आधीच नेमलेल्या यादीतले, सदस्य बसतात. एखादं विधेयक धन विधेयक, म्हणजे निव्वळ कर आणि सरकारी पैशाचं विधेयक, आहे की नाही, हे विधानसभेच्या अध्यक्षांनी एकदा प्रमाणित केलं की विषय संपला. मग परिषदेच्या हातात उरतात फक्त चौदा दिवस. खुर्चीत बसलेला मत देत नाही. मतं समसमान पडली तरच त्याचं निर्णायक मत. त्याचं वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतं, म्हणजे त्यावर मतदान होत नाही. त्याला काढायचं तर चौदा दिवसांची नोटीस आणि त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव लागतो. त्या ठरावावर चर्चा चालू असताना तो खुर्चीत बसू शकत नाही, पण बोलू शकतो.

हे सगळं पाहिलं तर हा पंच आहे. 1985 साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पंचाला न्यायाधीश केलं. पक्षांतर केलेला आमदार अपात्र ठरतो की नाही, हे अध्यक्ष किंवा सभापती ठरवणार. 1992 मध्ये किहोटो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही रचना मान्य केली, मात्र निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येईल असंही सांगितलं. अडचण साधी आहे. न्यायाधीशाला पक्ष नसतो, आपल्याकडच्या अध्यक्षाला असतो. निवडून येताच विठ्ठलभाईंनी जे केलं, ते करण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही.

2022 मध्ये मुंबईत हे सगळं एकदम अंगावर आलं. जूनमध्ये उपाध्यक्ष झिरवाळांनी शिवसेनेच्या सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा दिल्या. एकनाथ शिंदेंच्या बंडखोर गटाने उलट झिरवाळांनाच काढण्याची नोटीस पाठवली. 2016 च्या नबाम रेबिया निकालानुसार, स्वतःला काढण्याची नोटीस डोक्यावर असलेला अध्यक्ष अपात्रता ठरवू शकत नाही. पुढे 11 मे 2023 रोजी घटनापीठाने तो निकालच फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे पाठवला, शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद, म्हणजे पक्षाचा आदेश बजावणारा आमदार, म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरवली आणि अपात्रतेचा निर्णय मात्र पुन्हा अध्यक्षांकडेच सोपवला. तो 10 जानेवारी 2024 ला आला, तोही न्यायालयाने तारीख घालून दिल्यावर. दोन्ही गटांतलं कुणीही अपात्र ठरलं नाही. त्यावरचा वाद पुन्हा न्यायालयातच गेला.

त्याआधी खालच्या पातळीवरही एक ठिणगी पडली होती. 5 जुलै 2021 रोजी, अध्यक्षपद रिकामं असताना, तालिका अध्यक्ष भास्कर जाधव खुर्चीत असताना भाजपचे बारा आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले. 28 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. त्या अधिवेशनापुरतं ठीक, त्यापलीकडे नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

अध्यक्ष निवडण्याच्या नियमाची गोष्ट तर गमतीची आहे. निवड गुप्त मतदानाने व्हायची. आपलीच मतं फुटतील या धास्तीने महाविकास आघाडीने डिसेंबर 2021 मध्ये नियम बदलून खुलं मतदान आणलं. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी निवडणुकीची तारीखच दिली नाही. सरकार बदललं, तारीख लगेच मिळाली आणि आघाडीने बदललेल्या नियमानेच, शिरगणती होऊन, नार्वेकर 164 विरुद्ध 107 मतांनी राजन साळवींना हरवून निवडून आले.

2024 च्या निवडणुकीनंतर खुर्च्या भरल्या. 9 डिसेंबरला नार्वेकर पुन्हा अध्यक्ष झाले, बिनविरोध. 19 डिसेंबरला परिषदेत राम शिंदे सभापती झाले आणि मार्च 2025 मध्ये अण्णा बनसोडे विधानसभेचे उपाध्यक्ष. मग रिकामी राहिली ती समोरची, विरोधी पक्षनेत्याची खुर्ची. 288 च्या सभागृहात दहा टक्के म्हणजे 29 सदस्य असा विरोधी पक्षनेतेपदाचा संकेत सांगितला जातो. ठाकरेंच्या शिवसेनेकडे 20, काँग्रेसकडे 16 आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे 10 आमदार आले. 1978 च्या राज्याच्या कायद्यात दहा टक्क्यांची अट नाही. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच त्यात आहे. 2025 ची अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनं विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविना झाली, आणि मान्यतेचा अर्ज अध्यक्षांच्या दालनात होता.