जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतला इलेक्ट्रिक फ्युएल पंप: त्याची टकटक काय सांगते

इंजिन सुरू न करता नुसती इग्निशनची चावी फिरवा आणि कान द्या. आधी भराभर टक-टक-टक ऐकू येईल, मग ती संथ होईल आणि थांबेल. थांबली म्हणजे कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर, म्हणजे त्याची पेट्रोल साठवायची छोटी वाटी, भरलं. पंप आमच्याकडे आला की आम्हीही मीटर लावण्याआधी हेच ऐकतो.

मॉरिस मायनर, एमजीबी अशा गाड्यांमध्ये येणारा एसयू कंपनीचा पंप आतून अगदी साधा असतो. एक कॉइल, एक डायफ्रॅम म्हणजे लवचीक पडदा, त्यामागे एक स्प्रिंग, दोन व्हॉल्व्ह आणि पॉइंटची, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची, जोडी. करंट आला की कॉइलचं चुंबक पडद्याला ओढतं आणि टाकीतलं पेट्रोल आत येतं. पडदा पूर्ण ओढला गेला की पॉइंट खटकन उघडतात, करंट तुटतो आणि स्प्रिंग पडद्याला परत ढकलते. पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं ते या स्प्रिंगच्या जोरावर, करंटच्या नाही. पडदा मूळ जागी आला की पॉइंट पुन्हा जुळतात. हा प्रत्येक फेरा म्हणजे एक टक. चेंबर भरून त्याच्या तोंडाशी असलेला सुईसारखा नीडल व्हॉल्व्ह बंद झाला की स्प्रिंगला पेट्रोल ढकलायला वाटच उरत नाही, पॉइंट उघडे राहतात आणि पंप आपोआप थांबतो.

म्हणूनच प्रेशर किती, हे स्प्रिंग ठरवते. कार्बोरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय (दाब मोजायचं एकक) पुरे होतं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ३५-४० पीएसआयच्या पुढे काम करतो. तो जुन्या गाडीला बसवला की इवलासा नीडल व्हॉल्व्ह तो जोर अडवू शकत नाही आणि गरम इंजिनावर पेट्रोल ओसंडतं. असे बसवलेले पंप आम्ही उतरवले आहेत. कृपया हा प्रयोग करू नका. ‘मोठा पंप, जास्त पिकअप’ हा समजही सोडून द्या. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी ताशी ८० किलोमीटरने धावताना तासाला ८ लिटर पेट्रोल पिते, आणि तेवढं कुठलाही धडधाकट पंप सहज देतो. पंपाचं काम चेंबर भरलेलं ठेवायचं, बस.

पंप कुठे बसवायचा? टाकीजवळ आणि जमेल तितका खाली. पंपाला ढकलणं सोपं जातं, ओढणं जड जातं. इंजिनावरचा मेकॅनिकल पंप लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढलेल्या पेट्रोलवर दाब कमी, त्यामुळे ते लवकर वाफ धरतं आणि उन्हाळ्यात चढावर गाडी बसते. मागून ढकललं की पाइपात दाब राहतो आणि व्हेपर लॉकचा, म्हणजे वाफेने पेट्रोल अडण्याचा, त्रास बराच कमी होतो. मात्र काही जुने पंप पुढेच बसवण्यासाठी बनवलेले असतात, तेव्हा आधी पंपाचा प्रकार बघून घ्यावा.

आता बिघाड. टकटक भराभर चालूच राहिली तर टाकी रिकामी आहे, नाहीतर टाकीकडच्या पाइपातून पंप हवा घेतोय. गाडी उभी असताना दर थोड्या वेळाने टक येत असेल तर नीडल नीट बसत नाही किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय. आवाजच नसेल तर आधी फ्यूज, मग अर्थिंग आणि मग पॉइंट बघा. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पॉइंटवर थर चढतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकी मारली की पंप जागा होतो, पण ते घरी पोहोचण्यापुरतंच. पॉइंटमधून कोऱ्या जाड कागदाची पट्टी ओढून घ्या. पॉलिश पेपर लावू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते. गाडी आठ-दहा किलोमीटर छान चालते, मग आचके देऊन बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. पंप बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडा. ‘सूंऽ’ करून हवा आत शिरली तर पंप निर्दोष आहे, टाकीचा हवा घेण्याचा मार्ग बुजलाय.

सुरक्षेबाबत आम्ही हट्टी आहोत. मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर थांबतो, इलेक्ट्रिक पंप मात्र चावी चालू असेपर्यंत चालतो. अपघातात पाइप तुटला तरी तो पेट्रोल ओततच राहील. म्हणून आमच्याकडे बसवलेल्या प्रत्येक पंपाला स्वतंत्र फ्यूज असतो आणि धक्का बसताच करंट तोडणारा इनर्शिया स्विचही असतो. तो स्विच काढून पंप बसवून द्या, असं म्हणालात तर आम्ही काम घेत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर होज चिरतात आणि पडदा कडक होतो, तेव्हा पंपाबरोबर होजही बदलूनच घ्या. पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक पंप हवा असेल तर गाडीची बॅटरी पॉझिटिव्ह अर्थ आहे की निगेटिव्ह, म्हणजे तिचं कुठलं टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय, ते आधी सांगा. उलटा जोडला तर तो तिथेच जळतो.

गाडी आणताना टाकीत थोडं पेट्रोल असू द्या, पॉइंट घासून आणू नका, आणि पंप बंद पडण्याआधी टकटक कशी येत होती, तेवढं आठवून या.