स्की व हिम यांतील घर्षण

स्कीचा (हिमावरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधायच्या लांब, अरुंद पट्टीचा) तळ हिमावरून सरकताना त्याच्या गतीला होणारा विरोध. गतिक घर्षणांक (सरकताना होणारे घर्षण व पृष्ठावर पडणारा भार यांचे गुणोत्तर) सामान्यतः ०·०२ ते ०·१ या दरम्यान आढळतो. हिमाचे तापमान, ओलावा, कणांचे रूप, वेग व तळाचा पदार्थ यांनुसार तो बदलतो.

हे घर्षण इतके कमी का, याबद्दल मतभेद आहेत. जुने स्पष्टीकरण दाबाने बर्फ वितळण्याचे. दाब वाढला की बर्फाचा वितळबिंदू उतरतो, हे जेम्स टॉमसन यांनी १८४९ मध्ये दाखवले आणि जॉन जोली यांनी १८८६ मध्ये त्यावरून स्केटिंगचा उलगडा केला. पाठ्यपुस्तकांत ते अजूनही भेटते, पण स्कीला ते लागू करणे कठीण आहे. वितळबिंदू १° से. ने उतरायला सुमारे १३५ वातावरण (१ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) इतका दाब लागतो. ८० किग्रॅ. वजनाच्या माणसाच्या दोन स्कींचे तळक्षेत्र पाव चौरस मीटर धरले, तर सरासरी दाब जेमतेम ०·०३ वातावरण भरतो. प्रत्यक्ष स्पर्श हिमकणांच्या माथ्यांपुरताच होत असल्याने तेथील दाब कितीतरी पट अधिक असतो, हे खरे. तथापि बर्फाची कठिनता त्याला मर्यादा घालते आणि –१०° से. च्या सुमारास तोही अपुरा पडतो.

एफ. पी. बाउडेन व टी. पी. ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे प्रयोग करून १९३९ मध्ये वेगळे मत मांडले : घर्षणातून निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच स्पर्शबिंदूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो व तो वंगणाचे काम करतो. उष्णता चटकन वाहून नेणारा धातूचा तळ थंडीत अधिक अडखळतो, ही बाब या मताला बळ देते. कडक थंडीत थर नीट तयार होत नाही आणि घर्षण झपाट्याने वाढते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट यांनी हिमावरून घसरगाडी ओढणे वाळवंटातील वाळूवरून ओढण्यासारखे वाटल्याची नोंद केली, ती येथे बोलकी ठरते. बर्फाच्या पृष्ठावर मुळातच द्रवसदृश थर असतो, ही फॅराडे यांची कल्पनाही (सु. १८५०) पूरक मानली जाते.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील सूक्ष्मस्तरीय निरीक्षणांत मात्र स्पर्शबिंदू वितळलेले दिसले नाहीत. हिमकण झिजतात आणि त्यांचा बारीक भुगाच वंगण होतो, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. हा निष्कर्ष शर्यतीच्या वेगांना कितपत लागू पडेल हे ठरायचे असल्याने घर्षणजन्य उष्णतेचे मत सोडून देण्याचे कारण अद्याप दिसत नाही.

०° से. जवळ अडचण उलटी होते. पाणी जास्त झाले की ते तळ व हिम यांना केशाकर्षणाने (अरुंद फटीतील पाण्याच्या ओढीने) धरून ठेवते. म्हणून पॉलिएथिलीनच्या तळावर बारीक खाचा पाडतात व जलविरोधी मेण लावतात. क्लासिक प्रकारात (स्की समांतर ठेवून, पाय मागे रेटत पुढे जाण्याच्या पद्धतीत) पायाखालच्या भागाला पकड देणारे वेगळे मेण लागते, कारण तेथे मागे रेटताना स्थितिक घर्षणच (स्की न सरकता स्थिर ठेवणारे घर्षण) हवे असते. फ्लोरीनयुक्त मेणे ओल्या हिमावर विशेष परिणामकारक ठरली. मात्र त्यांतील संयुगे निसर्गात टिकून राहतात व आरोग्यास अपायकारक असतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धांत २०२३–२४ च्या हंगामापासून त्यांवर बंदी आहे.