महाराष्ट्रात कारचा विमा: सक्तीचं काय, खर्च किती, कागदपत्रं कोणती

गाडी रस्त्यावर आणायची तर विमा हवाच, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कायद्याला नेमका कोणता विमा हवा आहे आणि आपण घेतलेल्या पॉलिसीत काय काय आहे, हे उघडून बघणारे फार थोडे. एजंटनं पाठवलेली पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तशीच पडून राहते. निदान पहिली दोन पानं तरी वाचाच.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खासगी कारसाठी साडेसात लाखांची मर्यादा आहे. तुमची स्वतःची गाडी ठोकली, चोरीला गेली, पुरात बुडाली, तर थर्ड पार्टीतून एक रुपयाही मिळत नाही.

विमा नसताना पकडलं गेलात, तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. खरी भीती दंडाची नाहीच. अपघातात कुणी दगावलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाला पदरची भरावी लागते. घरातला कमावता माणूस गेला असेल, तर हा आकडा सहज लाखांत जातो. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना पैसे वेळेत मिळावेत म्हणूनही हा विमा चालू ठेवायला हवा.

याच्या जोडीला मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा बंधनकारक आहे. तो तुमच्याकडे आधीपासून दुसरीकडे असेल, तर तसं लिहून द्या, पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत. घरात दोन गाड्या एकाच मालकाच्या नावावर असतील तर एकदाच घेतला तरी चालतो.

खर्चाचा हिशेब

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं आणि ते देशभर सारखेच असतात. गडचिरोलीत आणि मुंबईत फरक नाही, कुठल्याही कंपनीत फरक नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारचा वर्षाचा हप्ता असा: १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. यावर जीएसटी वेगळा. पैसे भरण्याआधी चालू वर्षाचा दर एकदा तपासून घ्या.

नवी कोरी गाडी घेताना थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. इथेच पुष्कळ जण फसतात. शोरूममधून मिळालेल्या पॉलिसीत थर्ड पार्टी तीन वर्षांचा असला, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. 'तीन वर्षांचा विमा आहे की' म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वर्षी गाडी ठोकल्यावर कळतं की ओन डॅमेज कधीच संपला. पॉलिसीवर दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघा.

ओन डॅमेजचा हप्ता कंपनीगणिक बदलतो. तो ठरतो आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या आजच्या किमतीवर. जुन्या टॅरिफचं, म्हणजे पूर्वी सगळ्या कंपन्यांना लागू असलेल्या दरपत्रकाचं, कोष्टक अजून पायाभूत मानलं जातं. समजा, ८ लाखांची, १,१९७ सीसीची, अडीच वर्षं जुनी कार आहे. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, म्हणून आयडीव्ही ५,६०,००० रुपये. या कोष्टकात मुंबई आणि पुणे 'अ' झोनमध्ये आहेत, राज्याचा बाकीचा भाग 'ब' मध्ये. पुण्यात नोंदलेल्या या गाडीचा मूळ दर ३.२८३ टक्के, म्हणजे साधारण १८,३८५ रुपये. साताऱ्याच्या नोंदणीला ३.१९१ टक्के, म्हणजे १७,८७० च्या आसपास. फरक जेमतेम पाचशेचा. यातून कंपनी आपली सूट देते आणि नो क्लेम बोनस वजा होतो. पहिल्या बिनदाव्याच्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा बोनस फक्त ओन डॅमेजवर मिळतो, आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बुडतो. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही उतरवून देणाऱ्यांपासून सावध राहा, गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे हातात पडतात.

आपल्याकडच्या पावसाळ्याचंही लक्षात ठेवा. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. पण पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारून इंजिन बसलं, तर इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर नसल्यास कंपन्या तो दावा नाकारतात. पाणी भरलं असेल तर किल्ली फिरवू नका, गाडी टो करूनच न्या.

कागदपत्रं

नव्या गाडीला प्रपोजल फॉर्म, डीलरचं बिल, चासी आणि इंजिन नंबर, आणि केवायसीसाठी पॅन, आधार. नूतनीकरणाला आरसी आणि मागची पॉलिसी पुरते. मुदत उलटून गेली असेल तर ओन डॅमेज देण्याआधी गाडीची तपासणी होते, हल्ली मोबाईलवर व्हिडिओ काढूनही चालतं. रस्त्यात पोलिसांना डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत दाखवली तरी ती ग्राह्य आहे.

जुनी गाडी घेतलीत तर जास्त जपा. कलम १५७ नुसार थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येतं, तरी पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. ओन डॅमेज मात्र आपोआप येत नाही. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरले, आरसीवर नाव चढलं, पण विमा आधीच्याच मालकाच्या नावावर राहिला, तर ठोकलेल्या गाडीचा दावा बारगळतो. अर्जासोबत नवी आरसी किंवा फॉर्म २९-३० ची प्रत, जुनी पॉलिसी आणि तुमचं केवायसी लागतं. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे आधीच्या मालकाला मिळालेल्या सवलतीचा फरक तुम्हाला भरावा लागेल. गाडी विकणाऱ्यानं कंपनीकडून या बोनसचं (एनसीबी) पत्र घेऊन ठेवावं, ते तीन वर्षं चालतं.

दाव्याच्या वेळी आरसी, लायसन्स, पॉलिसी, दुरुस्तीचं एस्टिमेट लागतं, आणि कुणी जखमी झालं असेल किंवा चोरी असेल तर एफआयआर. चोरीच्या दाव्यात दोन्ही किल्ल्या मागतात, दुसरी जपून ठेवा. अपघात झाल्याबरोबर कंपनीला कळवा. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येण्याआधी गाडी उघडायला देऊ नका. खासगी नंबरच्या गाडीनं भाड्याचे प्रवासी नेले असतील, तर दावा अडकतो.

कंपनीनं दावा अन्यायानं नाकारला, तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायला हवा.