चकतीवर आळ कसा आला: कंबरदुखीच्या तपासणीची पार्श्वभूमी

'गादी सरकली' हे निदान आज कुणीही सहज सुनावतं. पण कंबरदुखीचं खापर मणक्यांमधल्या चकतीवर, म्हणजे याच गादीवर, फुटू लागलं ते १९३४ नंतर. त्याआधीची हजारो वर्षं दुखणं तेच होतं, आरोपी वेगळे होते.

इ.स.पू. १६००च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्शियन वैद्यकीय गुंडाळीतला शेवटचा, ४८वा रुग्ण मणका लचकलेला आहे. वैद्य त्याला पाय लांब करायला सांगतो. कळ येते आणि तो लगेच पाय आखडून घेतो. रुग्णाला पाठीवर निजवावं, इथवर उपचार आला आणि मजकूर मध्येच तुटला!

१७६४ मध्ये नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्योंनी सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, सांध्याचीच नसते, नसेचीही असू शकते, हे वेगळं काढलं. बेलग्रेडच्या लाझार लाझारेविचनी १८८० मध्ये आणि पॅरिसमध्ये डॉक्टर लासेग यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने १८८१ मध्ये जी चाचणी नोंदवली, ती आजही पहिली केली जाते. रुग्ण उताणा, गुडघा सरळ, टाचेखाली हात धरून पाय सावकाश वर. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली उतरली तर नस ताणली जाते आहे असं धरतात. मांडीच्या मागे नुसता ताण बसला तर ते आखडलेले स्नायू. इथेच नवख्यांची चूक होते. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर मात्र चकतीचा संशय बराच पक्का होतो.

बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये १९ रुग्णांचा अहवाल छापला. पाठीच्या कण्यातून काढलेले जे तुकडे तोवर कूर्चेच्या गाठी म्हणून नोंदले जात, त्यांतले बरेच फाटलेल्या चकतीचे होते. चकती अख्खी कधी सरकत नाही. बाहेरचं कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नसेच्या मुळाला टेकतो. शोध अस्सल होता. घोटाळा पुढे झाला: पायात उतरणाऱ्या कळेचं हे स्पष्टीकरण नुसत्या कंबरदुखीलाही चिकटवलं गेलं आणि शस्त्रक्रियांची लाट आली. ('मणक्यात गॅप आलाय' हाही असाच उलटा शब्द, एक्स-रेत दिसते ती जागा कमी झालेली असते.)

पहिला मोठा धक्का नॉर्वेच्या वेबर यांनी १९८३ मध्ये दिला. शस्त्रक्रिया करावी की नाही अशा काठावरचे १२६ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. वर्षभरानंतर शस्त्रक्रियेचा गट पुढे होता. चौथ्या वर्षी दोघांत म्हणण्याजोगा फरक उरला नव्हता. म्हणजे शस्त्रक्रियेने आराम लवकर मिळाला, पण बाकीचेही बहुतेक त्याच मुक्कामाला पोचले.

दुसरा धक्का एमआरआयनेच दिला. १९९४ च्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे फोटो काढले. ५२ टक्क्यांत एका तरी पातळीवर चकती फुगलेली, २७ टक्क्यांत पुढे आलेली. सगळ्या चकत्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. त्यामुळे 'चकती फुगली आहे' एवढ्या वाक्यावरून दुखण्याचं कारण ठरत नाही. ती पातळी, ती बाजू आणि पायातली लक्षणं जुळावी लागतात: पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल तर एल-५ हे नसेचं मूळ, चवड्यावर उभं राहता येत नसेल आणि घोट्याचा झटका (टाचेमागे हातोडीने ठोकल्यावर पाऊल आपोआप हलणं) गेला असेल तर एस-१.

अंथरुणाचंही असंच झालं. १९८६ मध्ये दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच चांगली ठरली आणि कामाचे खाडेही कमी झाले. १९९५ मध्ये हेलसिंकीत, सोसवेल तेवढं नेहमीचं काम करत राहिलेले रुग्ण झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले. दीर्घ विश्रांती त्यानंतर सल्ल्यांतून गेली. लोकांच्या मनातून अजून जायची आहे.

म्हणून आता साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे फोटो टाळतात. अपवाद ठरलेले: आधी झालेला कर्करोग, ताप, मोठा मार, वाढत जाणारी पायाची दुर्बलता. आणि लघवी अडली, खोगिरावर टेकणारा भाग बधिर झाला, तर एमआरआय त्याच दिवशी. तिथे नसांचा अख्खा झुपका दाबलेला असू शकतो आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही.